तेलकट चेहरा, तिशीतले मुरूम आणि मागे उरणारे डाग

सोळाव्या वर्षी मुरूम आले तर कुणी नवल करत नाही. एकोणतिसाव्या वर्षी हनुवटीवर ठणकणारी गाठ उठली की माणूस आधी चक्रावतो, मग वैतागतो आणि शेवटी हाताला लागेल ते तोंडाला फासतो. मी हे सगळे टप्पे यथासांग पार केलेत. दाणेदार स्क्रबने घासून झालं, दिवसातून पाच-पाच वेळा चेहरा धुऊन झाला, ओळखीतल्या एका बाईंनी ‘अगं, अगदी सौम्य आहे’ म्हणून हातात ठेवलेली उजळपणाची ट्यूबही संपवून झाली. सहा महिन्यांनी मुरूम होते तिथेच होते, डाग मात्र दुप्पट झाले होते.

त्यातून एक गोष्ट उशिरा कळली. ज्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असतं, म्हणजे गव्हाळ, सावळी, काळी त्वचा, ती स्वतःला झालेला प्रत्येक त्रास रंगात नोंदवून ठेवते. मुरूम हा त्रास, तो नखाने फोडणं हा त्रास, आणि डाग घालवायला लावलेलं जहाल ॲसिड हाही तिच्या लेखी त्रासच. म्हणून अशा त्वचेसाठी औषध किती कडक आहे यापेक्षा ते किती सावकाश सुरू केलं याला जास्त महत्त्व आहे. खालचा सगळा क्रम त्याच हिशोबाने लावलाय.

आधी ओळख पटवा

‘डाग’ हा एकच शब्द आपण चार-पाच वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. धुतलेला चेहरा घेऊन दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी आरसा धरा. बाथरूमच्या दिव्यात काहीच नीट कळत नाही.

मुरूम बसला त्याच जागी सपाट तपकिरी ठिपका उरला असेल, तर तो दाहानंतरचा डाग. डॉक्टरांच्या भाषेत पोस्ट-इन्फ्लेमेटरी हायपरपिग्मेंटेशन. तपकिरी रंग म्हणजे मेलॅनिन वरच्या थरात आहे. तो काही महिन्यांत फिका होतो. निळसर-राखाडी छटा असेल तर रंग खालच्या थरात उतरलाय, त्याला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात.

ठिपका लाल, गुलाबी किंवा सावळ्या त्वचेवर जांभळट दिसत असेल, तर त्यावर पारदर्शक काचेचा ग्लास हलका दाबून बघा. रंग दाबाखाली नाहीसा झाला तर तो मेलॅनिनचा नाही, फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा आहे. त्यावर रंग उजळायची क्रीमं लावून काही होत नाही. तो बहुधा आपसूक ओसरतो, फक्त वेळ घेतो.

आता चेहऱ्यावर बाजूने टॉर्च मारा. सावली पडली तर तो खड्डा, म्हणजे व्रण. रंग नव्हे, आकार बदललाय. खड्डा कुठल्याही सीरमने भरून येत नाही. त्याचे उपाय त्वचारोगतज्ज्ञांकडे असतात आणि तेही मुरूम थांबल्यावरच करायचे असतात.

दोन्ही गालांवर, कपाळावर किंवा वरच्या ओठावर, आरशात प्रतिबिंब पडावं तसे समान चट्टे असतील तर ते वांग. त्याचा मुरुमांशी संबंध नाही. हार्मोन, गरोदरपण, काही गर्भनिरोधक गोळ्या, ऊन आणि घराण्याचा वारसा यांचं ते मिश्रण आहे. ते दबतं, पण पुन्हा डोकं वर काढतं. त्यासाठी स्वतः प्रयोग करू नका.

मानेवर किंवा काखेत मखमलीसारखी जाड, काळपट त्वचा दिसत असेल तर घासू नका, रक्तातली साखर तपासा. ती मळाची नाही, बहुतेक वेळा शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते.

उठलेल्या पुटकुळ्यांचंही असंच. ब्लॅकहेड म्हणजे साचलेली घाण नाही. रंध्राच्या उघड्या तोंडाशी अडकलेल्या मेलॅनिनमुळे आणि हवेने बदललेल्या तेलामुळे ते काळं दिसतं. घासून ते जात नाही. कपाळावर, केसांच्या कडेला, छातीवर एकसारख्या मापाच्या बारीक पुटकुळ्या असतील आणि त्यांना खाज असेल, तर ते मुरूम नसून मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टने केलेला रंध्रांचा दाह असू शकतो. अँटिबायोटिकने तो उलट वाढतो. डॉक्टरांनी ओळखून बुरशीविरोधी औषध दिलं तर पटकन आटोक्यात येतो.

या सगळ्याचे फोटो काढून ठेवा: समोरून, डावीकडून, उजवीकडून, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी. महिन्यातून एकदाच. रोज आरशात बघणाऱ्याला बदल कधीच दिसत नाही.

आजचा मुरूम दोन महिन्यांपूर्वीचा

रंध्राच्या आतल्या भिंतीवरच्या मृत पेशी एरवी सुट्या होऊन बाहेर पडतात. काहीजणांच्या त्या एकमेकींना चिकटून बूच तयार होतं. मागे तेल साचतं, त्या बंद जागेत क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो आणि शरीर त्याविरुद्ध दाह उभा करतं. (जुन्या पुस्तकांत याच जिवाणूचं नाव प्रोपिओनीबॅक्टेरियम आहे, २०१६ मध्ये ते बदललं.) हा जिवाणू सगळ्यांच्याच त्वचेवर राहतो, त्यामुळे ‘तुम्ही अस्वच्छ आहात’ हा आरोप मनातून काढून टाका.

बूच बसल्यापासून डोळ्यांना मुरूम दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात, साधारण दोन महिने धरा. यातून दोन गोष्टी निघतात. एक, दिसणाऱ्या मुरुमावर ठिपका लावून भागत नाही. ज्या भागात मुरूम येतात त्या सगळ्या भागावर औषध पातळ पसरावं लागतं. दोन, आठ ते बारा आठवड्यांआधी कुठल्याही औषधावर निकाल देऊ नये. पंधरा दिवसांत ट्यूब बदलणारे लोक बहुतेक वेळा चांगलं औषध अर्ध्यावर टाकून देत असतात.

तेलाबद्दलही एक गैरसमज आहे. जास्त धुतल्याने त्वचा चिडून जास्त तेल काढते, असं सर्रास ऐकू येतं. त्याला भक्कम आधार नाही. तेलग्रंथी हुकूम ऐकतात हार्मोनचा, फेसवॉशचा नाही. जास्त धुण्याने बिघडतं ते वेगळंच: त्वचेचं वरचं संरक्षक कवच झिजतं, मग प्रत्येक औषध झोंबतं, दाह होतो, आणि दाहाचा डाग.

पहिले दोन आठवडे: फक्त वजाबाकी

हा टप्पा सगळ्यांना वगळावासा वाटतो. मीही दोनदा वगळला आणि दोनदा परत इथेच आले.

स्क्रब, टोनर, पील, मास्क, अल्कोहोलचा वास येणारं काहीही आणि तीन वेगवेगळी सीरमं, सगळं बाजूला ठेवा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध चालू असेल तर ते मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. चेहऱ्यावर राहतील तीनच गोष्टी: फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन.

फेसवॉश सकाळी, रात्री आणि भरपूर घाम आल्यावर. अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या घरात असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणून चेहऱ्याला साबण नको. कोमट पाणी, बोटांची टोकं, अर्धा-एक मिनिट, मग टॉवेलने टिपून घ्या, पुसू नका. धुतल्यानंतर चेहरा ताणल्यासारखा वाटून ‘आता कसा स्वच्छ झाला’ असं समाधान मिळत असेल, तर तो फेसवॉश तुमच्यासाठी कडक आहे.

तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर लागतं का, हा प्रश्न मला दर दुसरा माणूस विचारतो. लागतं. तेल आणि ओलावा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढे जी औषधं लावायची आहेत ती त्वचा कोरडी करतातच. जेल किंवा पातळ लोशन घ्या, ग्लिसरीन, हायलुरोनिक ॲसिड, सेरामाइड असलेलं. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, हा शब्द बघून घ्यायला हरकत नाही, पण त्यामागे सगळ्यांनी मानलेली एकच चाचणी नसते. नवीन काहीही आधी जबड्याच्या एका बाजूला चार-पाच दिवस लावून बघणं जास्त भरवशाचं.

सनस्क्रीन

डागांवरची बाकी सगळी औषधं म्हणजे गळक्या होडीतून पाणी उपसणं. सनस्क्रीन हे भोक बुजवणं. म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबू.

एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या त्वचा भाजणाऱ्या किरणांबद्दल बोलतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे ३० आणि ५० मध्ये फरक थोडा. खरा फरक पडतो तो मापात. हे आकडे चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेले असतात आणि आपण बहुतेकजण त्याच्या निम्मंही लावत नाही. सोपं माप असं: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची रेघ ओढायची. एवढं चेहरा आणि मान मिळून लागतं. एकदम लावलं तर थापल्यासारखं वाटतं, म्हणून एका बोटाचं आधी आणि ते जिरल्यावर दुसऱ्याचं.

त्वचेत जास्त खोल जाणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी पाकिटावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा पीए आणि त्यापुढे अधिकची चिन्हं बघा. साधी काच यूव्हीबी बरंच अडवते, पण यूव्हीए आत येऊ देते. त्यामुळे खिडकीशेजारी टेबल असेल किंवा रोज गाडी चालवत असाल, तर ‘मी घरातच असते’ ही सबब चालत नाही.

तिसरी गोष्ट पाकिटावर सहसा नसते. सावळ्या त्वचेत उन्हातला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः त्याचा निळा भाग, रंग गडद करतो, आणि बिनरंगी सनस्क्रीन तो जवळजवळ अडवत नाही. अडवतं ते आयर्न ऑक्साइड, जे त्वचेच्या रंगाच्या, म्हणजे टिंटेड सनस्क्रीनमध्ये असतं. वांग असेल किंवा डाग हट्टी असतील तर टिंटेडच घ्या. मोबाइलच्या पडद्याच्या निळ्या प्रकाशाची भीती मात्र सोडून द्या. उन्हापुढे तो काहीच नाही.

तेलकट चेहऱ्याला जेल किंवा पाण्यासारखं पातळ फ्लुइड सोसतं. सकाळी सनस्क्रीनच पुरेसं ओलसर वाटत असेल तर त्याखाली वेगळं मॉइश्चरायझर लावू नका, एक थर वाचेल. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. दिवसभर आत आणि खिडकीपासून लांब असाल तर इतकं काटेकोर राहायची गरज नाही. टोपी आणि छत्री यांना कुठलीही रिॲक्शन येत नाही, हे आपण विसरतो.

तिसऱ्या आठवड्यापासून: एक औषध, एकच

चेहरा शांत झाला, धुतल्यावर ताण बसत नाही, मॉइश्चरायझर झोंबत नाही, की पहिलं औषध आणा.

बारीक बंद पुटकुळ्या आणि ब्लॅकहेड जास्त असतील तर माझं मत ॲडापॅलीन ०.१ टक्के जेलच्या बाजूने. हे रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन एच्या कुळातलं औषध आहे. रंध्रातल्या पेशींचं चिकटणं ते कमी करतं, म्हणजे बुचाच्या मुळाशीच जातं. वर पेशींची उलाढाल वाढवून डागही हळूहळू फिका करतं. काही देशांत ते चिठ्ठीशिवाय मिळतं, काही ठिकाणी चिठ्ठी लागते.

लावायची पद्धत इथे औषधाइतकीच महत्त्वाची. रात्री चेहरा धुवा, पूर्ण कोरडा होऊ द्या. मॉइश्चरायझरचा पातळ थर लावा. मग वाटाण्याएवढं जेल, संपूर्ण चेहऱ्याला मिळून एवढंच. कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी अशा पाच ठिपक्यांत वाटून पसरवा. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या खोबणी आणि ओठांच्या कडा सोडा. वरून हवं तर पुन्हा मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री. पुढचे दोन आठवडे एक रात्र सोडून एक. मग सोसलं तर रोज. नाही सोसलं तर एक दिवसाआड कायम ठेवलं तरी बिघडत नाही.

पहिल्या महिना-दीड महिन्यात मुरूम थोडे वाढू शकतात, कारण आत तयार होत असलेले लवकर वर येतात. ते तुमच्या नेहमीच्याच जागी येतील आणि पटकन बसतील. एरवी कधीच मुरूम येत नाहीत अशा जागी पुरळ उठलं, तर ते औषध मानवत नसल्याचं लक्षण. थोडे पापुद्रे निघणं चालेल. पण साधं मॉइश्चरायझरही झोंबायला लागलं, की तीन-चार दिवस औषध बंद. हा एक निकष लक्षात ठेवलात तरी निम्मे नवे डाग टळतील.

लाल, पू भरलेले मुरूम जास्त असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड. ते जिवाणू मारतं आणि जिवाणू त्याला सरावत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. २.५ टक्क्यांचं जेल लाल मुरुमांवर ५ आणि १० टक्क्यांइतकंच काम करतं, चिडवतं मात्र कमी. तरी लोक १० टक्क्यांचंच शोधत बसतात. नाजूक त्वचा असेल तर फेसवॉशच्या रूपातलं घ्या, दोन-तीन मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. त्याने टॉवेल, उशीचे अभ्रे, कुर्ते सगळ्यांवर पांढरे-पिवळट डाग पडतात. माझ्या निळ्या अभ्र्याचं आकाश झालंय. क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक जेल कुणी एकटंच लावायला दिलं तर त्याबरोबर बेंझॉइल पेरॉक्साइड का नाही, हे जरूर विचारा. एकट्या अँटिबायोटिकला जिवाणू लवकर दाद देईनासे होतात.

ट्रेटिनॉइन हे दुसरं रेटिनॉइड लावत असाल तर त्याचे जुने प्रकार बेंझॉइल पेरॉक्साइडबरोबर निकामी होतात, म्हणून एक सकाळी आणि एक रात्री. ॲडापॅलीनला हा त्रास नाही.

सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं म्हणून रंध्रात शिरतं. २ टक्क्यांपर्यंतचं फेसवॉश आठवड्यातून दोन-तीनदा, एवढ्यावर मी ते ठेवते. रेटिनॉइडच्या जोडीला रोज सॅलिसिलिक म्हणजे त्वचेशी भांडण. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि ॲझेलेइक ॲसिड. याची गोष्ट छान आहे. काही लोकांच्या छाती-पाठीवर शिबं येतं, एका यीस्टमुळे होणारे फिके चट्टे. त्या यीस्टमुळे त्वचेचा रंग का उडतो याचा शोध घेताना या ॲसिडकडे लक्ष गेलं. रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला ते अडवतं, शिवाय मुरुमांच्या जिवाणूंवर आणि दाहावरही काम करतं. म्हणजे मुरूम आणि डाग दोन्ही एका ट्यूबमध्ये. १५ टक्के जेल किंवा २० टक्के क्रीम. पहिले काही आठवडे मुंग्या आल्यासारखी खाज येते, ती हळूहळू जाते. त्वचा नाजूक, डाग पटकन पडणारे आणि गरोदरपणाचा विचार चालू असेल, तर मी सुरुवात इथूनच करायला सांगेन, ॲडापॅलीनने नाही.

डागांचं औषध त्यानंतर

नवे मुरूम येणं बऱ्यापैकी थांबलं, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, की डागांकडे वळा. चालू मुरुमांत डागांमागे धावणं म्हणजे पाऊस पडत असताना अंगण पुसणं.

मेलॅनिन बनतं, मग ते शेजारच्या पेशींना वाटलं जातं आणि शेवटी त्या पेशींबरोबर झडून जातं. औषधं या तीनपैकी कुठेतरी हात घालतात. बनणं अडवणारी: ॲझेलेइक ॲसिड, व्हिटॅमिन सी, कोजिक ॲसिड, हायड्रोक्विनोन. वाटप अडवणारं: नायसिनामाइड. झडणं वाढवणारी: रेटिनॉइड आणि फळांची म्हटली जाणारी ॲसिडं.

नायसिनामाइड ४-५ टक्के हा सगळ्यात निरुपद्रवी पाहुणा. कशाशीही जमतं, सकाळी सनस्क्रीनखाली बसतं. १० टक्क्यांच्या बाटलीचा हट्ट नको. काहींना तेवढ्याने लाली येते. व्हिटॅमिन सी चांगलं, पण त्याचं मूळ रूप, एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, चालण्यासाठी बरंच आम्लधर्मी ठेवावं लागतं. त्यामुळे झोंबतं, आणि उघडल्यावर लवकर खराब होतं. बाटलीतला द्रव तपकिरी झाला की फेकून द्या. तेलकट, मुरुमांच्या त्वचेसाठी मी त्याला शेवटच्या बाकावर बसवते.

हायड्रोक्विनोन प्रभावी आहे, पण डॉक्टरांच्या नजरेखाली आणि काही महिन्यांपुरतंच. वर्षानुवर्षं लावलं तर त्वचेत निळसर-काळा रंग कायमचा बसू शकतो. ज्यासाठी लावलं त्याच्या बरोबर उलट. वांगासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या देतात, पण त्यांचा संबंध रक्त गोठण्याशी आहे, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी वापरून ते घेऊ नये.

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या उजळपणाच्या ट्यूबबद्दल. तिच्यात स्टेरॉइड होतं. पहिल्या आठवड्यात चेहरा असा उजळला की मी तिघींना ते क्रीम सुचवलं, याची आजही लाज वाटते. मुरूम दबले, डाग फिके झाले. दोन महिन्यांनी एक दिवस लावायचं राहिलं आणि चेहरा तव्यासारखा तापला. स्टेरॉइड दाह दाबतं म्हणून सगळं छान दिसतं. आत त्वचा पातळ होत असते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि बंद केलं की सगळं दुपटीने उसळतं. पाकिटावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं नाव असेल, तर डॉक्टरांनी ठरावीक मुदतीसाठी दिलेलं नसताना ते चेहऱ्याला लावू नका. लावत आला असाल तर एकदम फेकूनही देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञ टप्प्याटप्प्याने सोडवतात.

घटकांची यादीच नसलेल्या ट्यूबमध्ये याहून वाईटही असू शकतं. उजळपणाच्या काही क्रीमांमध्ये पारा सापडतो. मर्क्युरस क्लोराइड किंवा कॅलोमेल असं लिहिलेलं असतं, किंवा काहीच लिहिलेलं नसतं. तो त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. पाऱ्याविरुद्धच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात अशी क्रीमं बंद करण्याचं कलम आहे, तरी ती बाजारात फिरत असतात.

लिंबाचा रस अतिशय आम्लधर्मी असतो आणि तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे पट्टे पडू शकतात. टूथपेस्ट आणि बेकिंग सोडा यांच्याबद्दल एवढंच की ते चेहऱ्यासाठी बनलेले नाहीत.

केमिकल पील आणि लेसर उपयोगी असतात, पण सावळ्या त्वचेवर हात बसलेल्या डॉक्टरकडेच. चुकीच्या ताकदीचा लेसर नवीन डाग देतो. विचारायचा प्रश्न सोपा आहे: ‘माझ्या रंगाच्या त्वचेवर तुम्ही हे किती वेळा केलंय?’

जबडा, हनुवटी आणि महिन्याचं गणित

जबड्याच्या कडेने, हनुवटीवर, मानेच्या वरच्या भागात खोल दुखऱ्या गाठी येत असतील आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढत असतील, तर हार्मोनचा हात आहे. दोन-तीन महिने कॅलेंडरवर टिंब करत राहा, आपोआप दिसेल. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, डोक्यावरचे केस विरळ, यातलं काही जोडीला असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयांशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. नुसते मुरूम असले आणि बाकी सगळं ठीक असलं, तर बहुतेकींचे हार्मोनचे रिपोर्ट अगदी नॉर्मल येतात. तिथे रक्तात हार्मोन जास्त नसतं, ग्रंथीच त्याला जास्त दाद देतात.

अशा वेळी डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन किंवा विशिष्ट गर्भनिरोधक गोळ्यांचा विचार करतात. व्रण पाडणाऱ्या, हट्टी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन आहे. १९८२ पासून वापरात असलेलं हे औषध तेलग्रंथी आकसवतं, पण गर्भात गंभीर व्यंग निर्माण करतं. त्यामुळे ते चालू असताना आणि थांबवल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावीच लागते. ज्यांना व्रण पडताहेत त्यांनी या औषधाला घाबरून वर्ष वाया घालवू नये, असं मात्र मला वाटतं. डाग जातो, खड्डा राहतो.

पाळी आणि वरच्या हार्मोनच्या गोळ्या सोडल्या तर बाकी सगळं पुरुषांनाही लागू आहे. त्यात दाढीची भर. वस्तरा उलट्या दिशेने फिरवणं थांबवलं तरी मानेवरच्या निम्म्या पुटकुळ्या कमी होतात, कारण त्यातल्या बऱ्याच मुळात मुरूम नसून आत वळलेले केस असतात.

नवं औषध सुरू केल्यानंतर मुरूम आले का, हेही आठवून पाहा. स्टेरॉइड, लिथियम, फिट्स आणि क्षयरोगावरची काही औषधं, व्यायामशाळेत मिळणारी अॅनाबॉलिक इंजेक्शनं यांनी एकसारखं पुरळ उठतं. औषध स्वतःहून बंद न करता ज्यांनी दिलं त्यांना सांगा.

हात, केस, उशी, ताट

फोडू नका, हे सांगून कुणी ऐकत नाही. म्हणून पर्याय: हायड्रोकोलॉइडचा छोटा गोल पॅच. तो पू शोषतोच, पण त्याचं मोठं काम म्हणजे बोटं आणि मुरूम यांच्यामध्ये भिंत उभी करणं. खोल गाठ असेल आणि चार दिवसांवर समारंभ असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ त्या गाठीत अगदी पातळ केलेल्या स्टेरॉइडचं बारीक इंजेक्शन देतात; दोन-तीन दिवसांत बसते. तोवर फडक्यात गुंडाळलेला बर्फ.

कपाळाच्या कडेलाच मुरूम असतील तर केसांचं तेल, वॅक्स, कंडिशनर यांच्यावर संशय घ्या. कंडिशनर धुऊन झाल्यावर चेहरा सगळ्यात शेवटी धुवायचा, एवढ्याने फरक पडतो. अभ्रा आठवड्याला बदला. हेल्मेटचा पट्टा आणि मास्क जिथे घासतो तिथेही मुरूम येतात.

खाण्याबद्दल थोडक्यात: रक्तातली साखर पटकन वाढवणारा आहार आणि व्हे (दुधापासून काढलेलं) प्रोटीन यांचा काहींच्या मुरुमांशी संबंध दिसतो. व्हे घेत असाल तर दोन महिने थांबवून बघा. तेलकट खाल्लं म्हणून चेहरा तेलकट झाला, असा सरळ हिशोब नाही.

गरोदर असाल, किंवा विचार असेल

रेटिनॉइड सगळी बंद, लावायचीही आणि पोटातलीही. हायड्रोक्विनोन बंद. ॲझेलेइक ॲसिड आणि सनस्क्रीन चालतात. थोड्या जागेवर बेंझॉइल पेरॉक्साइडही बहुतेक डॉक्टर चालवतात. तुमच्या डॉक्टरांना यादी दाखवाच.

थेट डॉक्टरकडे कधी

गाठी खोल आणि दुखऱ्या असतील, खड्डे पडू लागले असतील, वांग असेल, आधी स्टेरॉइड लावलं असेल, किंवा बारा आठवडे नियमित औषध लावूनही फोटोत फरक दिसत नसेल, तर थांबू नका. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. ‘एक पांढरी ट्यूब होती, हिरव्या झाकणाची’ यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. आणि या सगळ्याने मन इतकं खचलं असेल की बाहेर पडणं टाळताय, तर तेही सांगा. उपचार किती जोमाने करायचे हे ठरवताना ती माहिती उपयोगी पडते.

चेहरा बरा झाल्यावर

सहाव्या-सातव्या महिन्यात एक दिवस येतो, जेव्हा मुरूम नाहीत म्हणून ट्यूब ड्रॉवरमध्ये जाते. दोन महिन्यांनी हनुवटीवर पुन्हा गाठ. औषधाने बूच बसायची सवय आटोक्यात ठेवलेली असते, मोडलेली नसते. म्हणून ॲडापॅलीन आठवड्यातून दोन-तीन रात्री चालू ठेवायचं, डागांची सीरमं थांबवली तरी चालतील, सनस्क्रीन नाही. माझ्या उजव्या गालावर अजून दोन राखाडी ठिपके आहेत, त्या ट्यूबच्या काळातले. दर महिन्याच्या फोटोत ते थोडे फिके दिसतात. आरशात मात्र अजून तसेच.